टायगरच्या पोटात जे हललं नाय

डॉक्टर मॅडमनी टायगरला या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं, मशीन परत पोटावर टेकवलं आणि म्हणाल्या, "बघा ताई, आतलं हललं नाही." टायगर म्हंजे आमचा कुत्रा.

मी आठवी शिकलेली हाय. मला कळलं तसं सांगते, कुणाचं कुत्रं असं पडलं तर कामी येईल.

आमी पनवेलजवळ गावात राहतो. मालक न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात. टायगर माझ्या लग्नाच्या आधीपासनं या घरात हाय, काळा, झुपकेदार, अर्धा पामेरियन. पयलं त्यानं खाणं सोडलं, मग पिवळं ओकला, मग बघते तर डोळ्यातला पांढरा भाग हळदीसारखा.

माझी पोर जन्मल्यापासनं लय रडायची. सासूबाई रोज तिन्हीसांजेला तुपात भिजवलेली भाकरी तिच्यावरून ओवाळायच्या आणि टायगरला घालायच्या. काळ्या कुत्र्यानं खाल्लं की नजर जाते, आमच्यात असंच करतात. तो खायचा, ती गप व्हायची. ती भरत गेली, तो सुकत गेला. मला दिसत होतं, पण सासूबाईंपुढं बोलायला जीभ रेटत नव्हती.

सोनोग्राफीला त्याला उपाशी आणायला सांगितलं, कारण खाल्ल्यावर पित्ताची पिशवी रिकामी होते आणि नीट दिसत नाय. पोटावरचे केस काढले, गार जेल लावलं, खोलीत अंधार केला. असल्याच पडद्यावर मी माझी पोर बघितली होती, ती पाय मारत होती. इथं एक पिशवी, आत किवी फळ कापल्यासारखा गोळा, कडेला रेषा, आणि सगळं थिजलेलं. मॅडम म्हणाल्या, नुसता गाळ असता तर वळवल्यावर खाली सरकला असता. याला म्युकोसील म्हणतात, म्हणजे पित्त घट्ट होऊन जेलीसारखं अडकलेलं. पिशवी फुटली तर कुत्रं जातं. ऑपरेशन करून पिशवीच काढायची.

मी विचारलं, "मॅडम, ओवाळलेलं ते आत साठलं का?"

त्या हसल्या नाय. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हा आजार भाकरीनंच झाला असं मी म्हणणार नाही. पण एवढं तूप त्याला सोसत नाही. आजपासून बंद."

बाहेर सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "हा मेला ना, तर खाल्लेलं समदं मोकळं व्हईल. ते पोरीकडंच येईल."

ऑपरेशनच्या वेळी मी पोर मांडीवर घेऊन बाकड्यावर बसले. ती रडेना. बंद दाराकडं एकटक बघत होती, पापणी हलवेना. मी सारखी तिची खालची पापणी ओढून बघत होते, पिवळं तर नाय ना, पिवळं तर नाय ना. मग एकदम तिनं टाहो फोडला, अंग ताठ केलं, आणि मला वाटलं, गेला टायगर, आलं हिच्यावर.

दार उघडलं. मॅडम म्हणाल्या, "पिशवी निघाली. श्वास चांगला आहे."

त्यांनी ट्रेमधी दाखवली. हिरवाकाळा गोळा, ट्रे कलता केला तरी जागचा हलेना. सासूबाईंनी पदर नाकाला लावून विचारलं, खाडीत सोडायला द्याल का. मॅडम म्हणाल्या, "आजी, हे तपासायला लॅबला जाणार." सासूबाई म्हणाल्या, मग लॅबवाल्यांना सांभाळून ऱ्हायला सांगा.

टायगर घरी आला. मॅडमचे उपकार मी जन्मात विसरणार नाय. कुत्र्याचे डोळे पिवळे दिसले तर थांबू नका, पोटाची सोनोग्राफी करा म्हणावं.

पोर त्या सांजेला परत रडली. सासूबाई भाकरी घेऊन आल्या. टायगरनं टाके घातलेलं पोट सावरत, पडल्या पडल्या सवयीनं तोंड उघडलं. ते बघून माझ्या अंगावर काटा आला. मी भाकरी काढून घेतली आणि पोर छातीशी धरली. सासूबाई म्हणाल्या, अगं, रडतेय ती.

म्हटलं, रडू दे. मी हाय ना.