खुंटीवरची ओढणी
लेथच्या तापलेल्या तेलाचा उग्र वास नाकात गेला की मला आठवीचा वर्ग आठवतो. शिवणकाम किंवा तांत्रिक, यांतला एक विषय घ्यायचा होता. मुली शिवणकामाला बसायच्या आणि मुलगे वर्कशॉपला जायचे. विचारायची पद्धतच नव्हती. मी तांत्रिकसाठी हात वर केला तेव्हा सर रागावले नाहीत, उलट काळजीनं म्हणाले, "बाळ, तुझी ओढणी मशीनमध्ये अडकेल की." आठवीपासून मुलींनी ओढणी घ्यायचीच, हा नियम शाळेचाच होता, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. त्यांनी माझं नाव शिवणकामात लिहिलं आणि मी रडत घरी गेले. आई चादरीच्या कारखान्यात मशीनवर सुताच्या कांड्या भरायची. दुसऱ्या दिवशी ती कामावरून तशीच शाळेत आली, केसांत सुताचे पांढरे तंतू घेऊन, आणि सरांना म्हणाली, "सर, मी रोज पदर खोचून चालू मशीनपाशी उभी राहते की. तितं मला कुणी घरी पाठवत न्हाय." सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग त्यांनी मुलांचा एक खाकी एप्रन माझ्यापुढं धरला. "ओढणी काढून त्या खुंटीला लाव." इतकं सोपं होतं ते! आता एमआयडीसीत मी लेथ चालवते. मशीन सुरू करण्याआधी हात सवयीनं गळ्याशी जातो, तिथं काही नसतं. आई मात्र अजून पदर खोचूनच कामाला उभी राहते. तिला एप्रन कुणी दिला नाही.