पाच माणसांचे पाटे

चंदू हाटेला वरच्या कोंडांतली, म्हणजे डोंगरातल्या वाड्यांतली, माणसं डॉक्टर म्हणतात. तो डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे. पण म्हैस अडलेली असताना एवढं लांबलचक बिरुद हाकारायला सवड कुणाला असते? राहतो महाडला, तळ्याच्या मागच्या गल्लीत. सकाळी साडेसातला लशींचा बर्फाचा डबा जीपमध्ये ठेवायचा, पोलादपूरला सही करायची आणि कापडे गावावरून वर फुटणाऱ्या वाटेला लागायचं. रोजचे सत्तर किलोमीटर. त्यातले साठ डांबरी, आणि उरलेल्या दहांना रस्ता म्हणायला मोठं मन लागतं.

जीप जुनी, चारही चाकांना ओढ असलेली, सरकारी लिलावातून घेतलेली. तिचं आणि चंदूचं बरं चाललं होतं. पण हेदकोंडाच्या अलीकडे ओहोळावरची मोरी वाहून गेली आणि तिथं जे धोंडे उघडे पडले, त्यांनी जीपचं पोट खरवडायला सुरुवात केली. दसऱ्यानंतर एका दिवशी ती एका धोंड्यावर अशी बसली की चारही चाकं फिरतायत आणि गाडी जागची हलत नाही. फोनला रेंज नाही, वाटेवर माणूस नाही. अकरा ते पाच चंदूने जॅक लावला, दगड सारले, घोटभर पाणी पुरवून पुरवून प्यायला. संध्याकाळी कापड्याला पोचल्यावर फोन वाजला. त्याने धडपडत काढून पाहिलं, तर रिचार्ज संपत आल्याचा मेसेज. सहा तास एक अख्खा माणूस बेपत्ता होता आणि त्याची आठवण कुणाला झाली, तर फोनच्या कंपनीला!

हे त्याला दगडांपेक्षा जास्त लागलं.

त्याची बायको राजश्री दोन वर्षांपूर्वी पनवेलला मुलाकडे गेली होती. अश्विनच्या बायकोचं बाळंतपण होतं, दोन महिन्यांचं काम. मग बाळाला सर्दी, मग सुनेची नोकरी, मग पाळणाघरावर भरवसा कसा ठेवायचा. भांडण झालं असतं तर एका परीने बरं. समेटाला काही धरायला तरी सापडतं. इथे कुणीच काही बोललं नव्हतं. गल्लीत कुणी विचारलं की चंदू म्हणायचा, "येऊन-जाऊन असते." ती शेवटची आली होती त्याला आठ महिने झाले होते. पाव किलो भाजी घेतली तर भाजीवालीला कळेल म्हणून हा गृहस्थ अर्धा किलो घ्यायचा आणि उरलेली शेजारच्या शेळीला घालायचा. शेळी मात्र चांगली धरली होती.

तर जीप उंच करायची ठरली, आणि चंदू महामार्गाकडेच्या भिकूच्या शेडमध्ये गेला. भिकू पाटेवाला. कशेडी उतरून आलेल्या ट्रकांचे मोडलेले पाटे, म्हणजे चाकांवरच्या त्या लोखंडी कमानी, तापवून, ठोकून, बाक देऊन परत बसवणं हा त्याचा धंदा. बोलायला तिरसट, पण हात असा की मुंबईची हौशी पोरंसुद्धा आपल्या चकचकीत गाड्या घेऊन त्याच्याकडे येत.

"पाट्याला लांब कड्या लावून दे ना," चंदू म्हणाला. "स्वस्तात होईल म्हणतात."

"स्वस्तात व्हईल, आनि साठच्या वर ग्येलास की स्टिअरिंग थरथरंल. रोज हायवेला असतंस ना? ते मुंबईवाल्यांचं काम, रईवारी चिखलात लोळायचं आनि सोमवारी टोचन लावून न्यायचं." भिकू जीपखाली शिरला आणि तिथूनच बोलत राहिला. "आईक. पाट्यानं पोट वर जाईल, चाकांचा आस नाय जायचा. आस वर घ्यायला टायरच मोठा पायजे. टायर मोठा घेतलास का मडगार्डला घासनार, म्हनून पाटा. दोन्ही मिळूनच करायचं. दोन इंच पाटा, इंचभर टायर. येवढंच. जास्त उंच केलीस तर वळनावर कलंडशील."

टायरांवर चंदू अडला. त्याला खोल खाचांचे, चिखलाचे टायर हवे होते, दिसायलाच दांडगे. भिकूने हात झटकला. साठ किलोमीटर डांबरावर ते भुंग्यागत गुणगुणतील, वर्षात झिजतील, आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारलास तर मला शिव्या घालशील, असं त्याचं म्हणणं. मधल्या खाचांचे घे, डांबरालाही चालतील, धोंड्यालाही. चंदूला पटलं. आयुष्यात त्याने बहुतेक गोष्टी मधल्याच घेतल्या होत्या.

मग भिकू बाहेर आला आणि त्याने तो साधा प्रश्न विचारला.

"रोज मानसं किती बसतात?"

पाट्यांचा सगळा हिशेब ह्याच्यावर असतो. पाच माणसांची गाडी असेल तर जाड पाटा वाढवायचा, एकट्याची असेल तर नाही. प्रश्न इतका सरळ होता. पण बाकड्यावर दोन ड्रायव्हर चहा पीत बसले होते आणि त्यातला एक चंदूच्याच गल्लीतला होता.

"घरची मंडळी असतात," चंदू म्हणाला. "चार-पाच माणसं धर."

आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर त्याला थांबवेना. मुलगा-सून येतात, नातवाला घाट दाखवायचा असतो, बायकोचे गुडघे दुखतात म्हणून तिला पुढे बसवावं लागतं. सांगता सांगता त्याचा चेहरा असा खुलला की गल्लीतला ड्रायव्हरसुद्धा कौतुकाने ऐकत राहिला. आपण खोटं बोलतोय हे चंदूला कळत होतं; पण त्या पाच मिनिटांत त्याची गाडी भरलेली होती, आणि ते सुख सोडवेना.

भिकूने मान हलवली आणि पाच माणसांचे पाटे बसवले. टायरही ओझ्याचे, जाड कडेचे, चाळीसची हवा भरून. पैसे घेताना म्हणाला, "पंधरा दिसांत पाटे बसतील. मंग रोजच्या मानसांसकट गाडी घेऊन ये. समदी बसवून माप घेतो आनि मंगच बोल्ट शेवटचे आवळतो. मानसं नसतील तर येऊ नको, रिकाम्या गाडीचं माप मी घेत नाय."

ही भिकूची जुनी रीत. वाळूचा ट्रक असेल तर वाळू भरून आण, वऱ्हाडाची जीप असेल तर वऱ्हाड आण. चंदू हो म्हणून बाहेर पडला आणि पहिल्याच खड्ड्यात त्याचं डोकं टपाला लागलं.

खोटं बोलल्याची शिक्षा इतक्या तातडीने फार कमी जणांना मिळत असेल. पाच माणसांची ताकद असलेले पाटे एका हडकुळ्या माणसाला काय जुमानणार? धोंडे सुखरूप ओलांडले जायचे, पोट कुठे घासायचं नाही, पण डांबरावरच्या साध्या ठिगळावरून गाडी उडायची. डब्यातल्या कुप्या खुळखुळायच्या. आठवड्याभरात कंबर धरली. हेदकोंडाच्या चढावर तर मागची चाकं हलकी पडून मुरमावर नुसतीच फिरू लागली. घरी येऊन पाठीला मलम लावायचं, तर मधल्या जागेपर्यंत हात पोचत नाही. लावून द्यायला कुणी नाही. तो तसाच भिंतीला पाठ घासून घ्यायचा, म्हशीसारखी.

मग त्याने युक्ती काढली. सिमेंटच्या चार रिकाम्या गोण्यांत मुरूम भरला आणि मागच्या बाकड्यांवर ठेवल्या, दोन इकडे, दोन तिकडे. गाडी लगेच शहाणी झाली. पाटे दबले, चाकांनी जमीन धरली. चंदू गोण्या घेऊन हिंडू लागला.

हेदकोंडाच्या सुंदराबाईला तो अधूनमधून खाली पोलादपूरला सोडायचा. सत्तरीची बाई, कोंडात तिच्या घराखेरीज आता दोनच घरांतून धूर निघायचा. पहिल्या दिवशी ती गोण्या सारून बसली. चौथ्या खेपेला तिला राहवेना.

"रे डाक्टर, ह्यो मुरूम कुठं न्हेतंस?"

"रस्त्याला टाकायचाय, मावशी."

"मंग टाक की! आठ दिस झालं, वर न्हेतंस नि खाली आनतंस." तिने गोणीवर हात ठेवला. "मानूस नाय गावला व्हय बसवायला?"

ती थट्टाच करत होती. पण चंदूने गिअर बदलला आणि पोलादपूर येईपर्यंत समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही.

पंधरा दिवस भरत आले. बोल्ट आवळायलाच हवे होते. ढिल्या बोल्टांवर पाटा सरकला तर घाटात गाडी कुठल्या कुठे जाईल. चंदूने पनवेलला फोन लावला.

"एक दिवस येता का सगळे? गाडीचं काम आहे."

"गाडीच्या कामाला आम्ही कशाला?" राजश्री हसली.

त्याने माप समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, वजनच हवंय ना? मग दुसरं काहीतरी ठेवा." मग मागून बाळ रडलं आणि तिने घाईने फोन ठेवला.

तेव्हा सोळाव्या दिवशी चंदू गोण्या घेऊनच भिकूकडे गेला. वाटेत त्याने सांगायचं पाठ केलं होतं: मंडळी येणार होती, ऐनवेळी लग्न निघालं. भिकूने मागचं फळकं उघडलं आणि गोण्यांकडे पाहत राहिला.

"मंडळी कुठं हाय?"

लग्नाची थाप चंदूच्या अगदी ओठांवर होती. पण चार गोण्या शेजारी शेजारी, तोंडं बांधून, अशा काही बसल्या होत्या की त्याला त्या थापेची किळस आली.

"मंडळी नाहीत, भिकूदादा. कधीच नव्हती. गाडीत मी एकटाच असतो. घरात पण."

बाकड्यावर आजही कुणी कुणी चहा पीत होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा बश्या तोंडाला लावल्या. आभाळ कोसळलं नाही.

"मंग तवाच बोलायचंस ना," भिकू म्हणाला. "फुकट कंबर मोडून घेतलीस." तो पुन्हा जीपखाली शिरला. "काढतो जाड पाटा. पन आदी सांग, मंडळी येनार हायत का मागनं? येनार असतील तर ऱ्हाऊ दे. पाट्याला माझा इरोध नाय. मानसं बसली का गाडी मऊ चालंल. येनार हायत का नाय, तेवढं बोल."

चंदू म्हणाला, "थांब जरा." शेडच्या मागे, जुन्या टायरांच्या ढिगाकडे जाऊन त्याने फोन लावला. हा प्रश्न त्याने दोन वर्षांत एकदाही विचारला नव्हता. विचारला नाही तोवर उत्तर कोणतंही असू शकत होतं.

"राजश्री, गाडीचं काही नाही. मला इथे एकट्याला राहवत नाही. तू परत कधी येणार, ते खरं सांग."

पलीकडे वाजणारं बाळाचं खेळणं तिने बंद केलं.

"तुम्ही कधी बोललातच नाही," ती म्हणाली. "मी विचारलं की म्हणायचात, माझं झकास चाललंय. मला वाटलं, कटकट गेली म्हणून खुशीत आहात."

"नव्हतो."

"मग खरं सांगू?" तिचा आवाज बारीक झाला. "आता मी तिकडे येऊन राहीन असं नाही वाटत मला. पोर माझ्याशिवाय झोपत नाही. आणि मलाही त्याच्याशिवाय... तुम्हीच या ना रिटायर झालात की. अश्विन म्हणतच असतो."

"तीन वर्षं आहेत अजून."

"हो," ती म्हणाली. "तीन आहेत."

मग दोघांनी एकमेकांना जेवलात का विचारलं. दोघंही हो म्हणाले. चंदूच्या पोटात सकाळपासून चहाच होता.

शेडमध्ये येऊन तो म्हणाला, "काढ."

भिकूने गोण्या उतरवून कडेला लावल्या, जाड पाटा काढला, टायरांची हवा कमी केली. मग म्हणाला, "बस. रोज बसतंस तसा बस, डबा ठेव मागं." चंदू स्टिअरिंगवर बसला. भिकूने चारही चाकांशी वाकून माप घेतलं आणि एका माणसावर बोल्ट आवळले. पाट्याचे पैसे परत देऊ लागला, ते चंदूने घेतले नाहीत.

हेदकोंडाला वासरांना लस द्यायची होती, म्हणून तो तसाच वर निघाला. डांबर कसं सरलं ते कळलं नाही. ठिगळं आली नि गेली, कुप्यांचा आवाज नाही, कंबरेला हिसका नाही. चढावर चाकं मुरमाला चिकटून वर आली. ओहोळाशी त्याने गिअर बदलला, आणि जीप एकेक धोंडा पायाखाली घेत, कुठेही न घासता, पलीकडे जाऊन उभी राहिली. इतकी देखणी गाडी त्याने जन्मात चालवली नव्हती.

"बघितलंस?" तो मोठ्याने म्हणाला, डावीकडे वळून.

सीट रिकामी होती. ती दोन वर्षं रिकामीच होती, पण आजवर तिथे कुणीतरी यायचं बाकी होतं. आता तसं काही बाकी नव्हतं. चंदूने इंजिन बंद केलं आणि तिथेच, ओहोळाच्या काठाला, तो ओक्साबोक्शी रडला.