लेकरं नसलेली गल्ली

"लोकं शाळा जवळ मांगतात, बाग जवळ मांगतात," खोल्या दाखवणारा दलाल म्हणाला. "तुमी उलटंच मांगून राह्यल्या बाई. लेकरं नसलेली गल्ली! अशी गल्ली असते कुठी?"

आमचे हे त्याला बाजूला घेऊन गेले आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला ठाऊक होतं. वर्षभरात दोनदा माझं पोट रिकामं झालं होतं. एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा चौथा संपता संपता. आणि आमची तेव्हाची खोली अंगणवाडीच्या भिंतीला लागून होती. सकाळी पोरं एका सुरात कविता म्हणायला लागली की मी शिलाई मशीनचं पायडल जोरजोरात मारायची. पुढं पुढं तेही पुरेना. कानात कापूस घालून बसायला लागले.

दलाल परत आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. "आहे ताई एक कॉलनी. पण तठी तुमाले करमन का?"

करमण्याचा प्रश्नच नव्हता. मी कोल्हापूरकडची. आठवीत शाळा सुटली, शिवण शिकले, लग्न झालं. हे कापसाच्या जिनिंगमधल्या मशिनींचे फिटर, त्यांच्या कामामागं इकडं यवतमाळला आलो. माहेर एका बाजूला राहिलं आणि आम्ही महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. इथं मला कोण ओळखत होतं? न करमण्याची सवयच झाली होती.

कॉलनी गावाच्या कडेला होती, पाण्याच्या टाकीमागं. दोन रांगा घरांच्या, मधे रस्ता, शेवटाला एक छोटी बाग आणि बागेत मारुतीचं देऊळ. राहणारे सगळे रिटायर झालेले. कुणी पाटबंधारे खात्यातले, कुणी टपालातले, दोन-तीन शिक्षक. मुलं पुण्याला, हैदराबादला, काहींची परदेशात. आमची घरमालकीण विधवा होती, सत्तरीच्या पुढची. मागच्या दोन खोल्या तिनं आम्हाला दिल्या. मी तिला काकू म्हणायची. पहिल्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, "मशीन आनली का वो सोबत? बरं झालं. आवाज राहीन घरात."

मला हवी होती तशी शांतता मिळाली. पण थोड्याच दिवसांत त्या शांततेकडं मी दचकून बघायला लागले. बागेत झोपाळा होता, त्याच्या कड्यांना ताजं तेल दिलेलं असायचं. झोपाळ्यावर कधी कोणी बसत नव्हतं. घसरगुंडी दर रविवारी टपालातले एक काका ओल्या फडक्यानं पुसायचे. नळ होता, तो माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. चार-पाच वर्षांच्या पोराच्या हाताला येईल असा.

मग बायका काम घेऊन यायला लागल्या. साडीला फॉल-पिको मी करते हे कळल्यावर साड्या आल्या, हे ठीकच. पण साडीच्या घडीत एखादा झबला असायचा, फ्रॉक असायचा. डांबरगोळीचा वास येणारा. "याची शिवन उसवली, पाय बरं," असं म्हणून माझ्या हातात द्यायच्या.

एकीला मी विचारलं, "कुणाचा हो काकी?"

"लेकीचा."

"किती वर्षांची?"

"यंदा एकोनपन्नास लागन तिले," ती म्हणाली, आणि फ्रॉकची बाही दोन बोटांनी सरळ करत बसली.

मी शिवून दिला. पैसे घ्यायला हात पुढं होईना. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "म्हातारी माणसं आहेत, तू मनावर नको घेऊ." मनावर घेण्याची मला खोडच आहे. पण भाडं कमी होतं, काकू संध्याकाळी वाटीभर झुणका आणून द्यायची, आणि भिंतीपलीकडून कविता येत नव्हती. मी देवाचे आभार मानत होते आणि त्याच वेळी दाराला आतून कडी घालत होते.

आषाढात मला पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पायडल बंद, ओझं बंद, वाकणं बंद, जमेल तेवढं पडून राहायचं. हे मूल टिकलं तर टिकलं, नाहीतर पुढं अवघड आहे, हेही त्यांनी सांगितलं. मी मशीनवर चादर घातली. कुणाला म्हणून सांगितलं नाही. माहेरीसुद्धा नाही. दोन्ही वेळा आधी सांगितलं होतं आणि नंतर सगळ्यांना परत फोन करावे लागले होते. ह्यावेळी पाचवा लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

आणि त्याच आठवड्यापासून कॉलनी जास्तच गप्प झाली.

रोज सकाळी मारुतीची घंटा वाजायची, ती वाजेनाशी झाली. टपालवाले काका स्कूटर घेऊन बाहेरून आले की कोपऱ्यावरच बंद करायचे आणि माझ्या खिडकीखालून ढकलत न्यायचे. दुपारी पडल्या पडल्या मला फाटकापाशी कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं. पडदा सरकवून बघावं तर एखादी म्हातारी, चपला हातात घेऊन, अनवाणी परत निघालेली असायची. काकूच्या घरातला टीव्ही चालू दिसायचा, चित्रं हलायची, आवाज नाही. एकदा मी देवळापर्यंत गेले. घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळून सुतळीनं बांधलेलं होतं. घट्ट. कुणीतरी मुद्दाम. मी तिथूनच मागं फिरले. पोटावर हात होता, तो घरी येईपर्यंत काढला नाही.

पोळ्याच्या वेळी हे उमरखेडला होते. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मशिनींची दुरुस्ती असते, तेव्हा चार-चार दिवस तिकडंच मुक्काम. अमावस्या होती. दिवेलागणीला मी उंबऱ्याशी पणती ठेवायला दार उघडलं आणि समोर पायरीवर तो होता. लाकडाचा बैल. वीतभर उंचीचा, पायांना चाकं, अंगाला तेल चोपडलेलं. कपाळाला हळदकुंकू. गळ्यात कडुलिंबाची डहाळी. तोंड माझ्या दाराकडं.

आमच्याकडं बैलांचा सण आषाढातच होतो, बेंदूर. आम्ही मातीचे बैल करतो आणि देवापाशी ठेवतो. चाकांचा बैल मी जन्मात बघितला नव्हता. अमावस्या, हळदकुंकू, लिंबाचा पाला, आणि पोटुशी बाईचा उंबरा. माझ्या डोक्यात एकच शब्द आला, करणी. त्या फ्रॉकांचं, झोपाळ्याचं, बांधलेल्या घंटेचं सगळं एकदम जुळून आलं. ह्या म्हाताऱ्यांची पोरं गेली, आता त्यांना माझं हवंय.

फडक्यात धरून बैल उचलला आणि कुंपणावरून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटात फेकला. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मग कडी लावून, देवाचं नाव घेत बसले. ह्यांना फोन केला नाही. काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून बघितलं तर सगळे बागेकडं निघालेले. पांढरं धोतर, इस्त्रीचे शर्ट, बायकांच्या ठेवणीतल्या साड्या. आणि प्रत्येकाच्या हातात दोरी, दोरीमागं लाकडाचा बैल. काही रंगवलेले, काही काळे पडलेले. चाकं कुरकुरत होती, बाकी आवाज नाही. मला राहवेना. मागून गेले.

बागेत त्यांनी बैल ओळीनं उभे केले होते आणि प्रत्येक बैलामागं एक म्हातारं माणूस दोरी धरून उभं होतं. पोर एकही नाही. ओळीत एक जागा मोकळी होती. तिथं आमची काकू नुसती दोरी धरून उभी.

टपालवाले काका तिला म्हणाले, "वयनी, बैल बाजारात इकला का?"

"चरायले गेला," काकू म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

"काकू, मी टाकला तो," मी म्हणाले.

"कायले वो माय?"

"मला वाटलं... कुणी करणी केली."

सगळी ओळ माझ्याकडं वळली. मग काका म्हणाले, "करनी! बापा, आमचे गुडघे वाकत नाई, अन् आमी करनी करतो!" आणि सगळे हसले. पण कसे, तर तोंडावर हात दाबून, पदर दाबून, खांदे हलवत. शेजारच्या खोलीत कुणी निजलेलं असावं तसे. त्या हसण्याला आवाजच नव्हता.

"असं काहून हसता?" मी रडकुंडीला आले होते. नकळत त्यांचाच शब्द माझ्या तोंडून गेला.

काकूनं माझा दंड धरून मला झोपाळ्यावर बसवलं. "आज तान्हा पोळा," ती म्हणाली. "काल मोठ्या बैलाचा, आज लेकरांचा. लेकरं लाकडाचे बैल घेऊन घरोघरी येतात, त्यायले खाऊ द्यायचा. आमच्या अठी येते कोन? तरी बैल काहाडतो आमी. आन् ज्या घरात लेकरू येनार, त्या घराले बैल द्यावं म्हनलं. माह्या पोराचा होता तो."

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"मशीन बंद झाली ना तुही. त्याच दिवशी समजलं. पयले दोन गेले, हे त्या दलालानं सांगतलं होतं. तू बोलत नोयती, मंग आमी कसं बोलाव? बोललं का नजर लागते. सगळ्यायले सांगून ठेवलं म्या, पोरीले आराम पाह्यजे, कोनी आवाज करू नोका."

म्हणजे ती घंटा. ती ढकलत नेलेली स्कूटर, हातातल्या चपला. मी जिला भीत होते ती शांतता ह्या माणसांनी रोज उठून माझ्यासाठी धरून ठेवली होती.

मला उठू न देता ते सगळे मोकळ्या प्लॉटात गेले, काठीनं गवत बाजूला करत. बैल सापडला. पुढचं एक चाक मात्र नाही मिळालं. पुढं दोन दिवस काका चाक शोधत होते. ते चाक माझ्या मनातून निघेना. चौथा महिना, पाचवा, सहावा, रोज रात्री वाटायचं, माझ्याच हातानं मोडलंय, आता ह्यातूनच काही होणार. काकूला बोलून दाखवलं तर म्हणाली, "चाक लाकडाचं होतं. चूप झोप."

माघात मुलगी झाली. पुरत्या दिवसांची, सव्वातीन किलोची. दवाखान्यातून आणलं त्या सकाळी काकांनी घंटेचं फडकं सोडलं.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला ती सहा महिन्यांची होती. मोडक्या चाकाच्या जागी मी माझ्या मशीनचं दोऱ्याचं रिकामं रीळ बसवलं होतं. बैल एका बाजूला कलून चालायचा, कट कट करत. बागेत ओळ लागली. मोकळ्या जागेत मी लेकीला मांडीवर घेऊन बसले, तिच्या मुठीत दोरी दिली. तिनं त्या सगळ्या बैलांकडं बघितलं, मग बैलांमागच्या त्या सुरकुतल्या, टक लावून बघणाऱ्या तोंडांकडं बघितलं, आणि एकदम टाहो फोडला. काही केल्या थांबेना. मी घाबरून तिला घेऊन उठायला लागले.

काकूनं खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "बस वो. रडू दे तिले."

"त्रास होतोय सगळ्यांना."

"कोनाले होऊन राह्यला?"

मी वर बघितलं. ओळीतलं एकही माणूस हललं नव्हतं. कुणी टाळी वाजवून तिला रमवत नव्हतं, कुणी खाऊ पुढं करत नव्हतं. दोऱ्या हातात धरून, डोळे मिटून, सगळे उभे होते. ऐकत होते.