पहिल्या नवऱ्याचे बूट

जेपिटी उत्तर ध्रुवाकडच्या मिट्टिमातालिक गावात पाण्याचा ट्रक चालवायचा. कडाक्याच्या थंडीत ताठरलेला पाइप खांद्यावर ओढत घरोघरच्या टाक्या भरायचा. वादळातही त्यानं कुणाचं घर कोरडं ठेवलं नाही. पण त्याच्या स्वतःच्या घरात पनिलू नावाचा काटा होता.

त्याची बायको अपिया. तिचा पहिला नवरा पनिलू गोठलेल्या समुद्राच्या कडेवर शिकार करताना बुडाला. पुढच्या हिवाळ्यात तिच्या चुलतबहिणीला मुलगा झाला, त्याला तेच नाव ठेवलं. आमच्याकडे नावाबरोबर नातंही येतं. अपिया त्या तान्ह्याला 'नवरोबा' म्हणू लागली, आणि बोलायला लागल्यावर तो तिला 'बायको' म्हणू लागला. तेव्हा जेपिटीही पोट धरून हसायचा. आता नवरोबा दारात वाकून शिरण्याइतका उंच झाला होता. बेटाबेटांवर पर्यटक घेऊन जाणाऱ्या जहाजावर तो बंदूक घेऊन अस्वलांपासून त्यांची राखण करायचा. जेपिटीचं हसणं कधीच थांबलं होतं.

वसंतात अपियानं दाढीवाल्या सीलचं कातडं काढलं. खरवडलं, ताणलं, वाळवलं. बुटांच्या तळव्याच्या कडा दातांनी चावून मऊ केल्या. जबडा इतका दुखायचा की जेवायला ती नुसतं सूप घ्यायची. जेपिटीच्या बुटांत पाणी शिरत होतं, त्यामुळे तो मनात खूश होता. एक दिवस त्यानं हळूच तळव्यावर पाय ठेवून पाहिला. तळवा त्याच्या पायापेक्षा चांगला लांब निघाला.

"कोणाचे गं हे?"

"नवरोबाचे."

"आणि मी कोण?"

"पाणीवाला," दोरा दातात धरून ती हसली.

ऑगस्टमध्ये जहाज आलं. रबरी होड्यांतून पर्यटक किनाऱ्याकडे येऊ लागले. पहिल्याच होडीतून आलेल्या पनिलूनं तिथेच वाळूत बसून अपियानं दिलेले नवे बूट चढवले.

"बायको, न मोजता बरोबर बसले की!"

"तुझे पाय काय मला नवे आहेत?"

बायका खिदळल्या. शेजारची म्हातारी रेचल ओरडली, "जेपिटी, आज ट्रकमध्ये झोप रे बाबा!"

"बूट दिसायला बरे आहेत," जेपिटी म्हणाला. "पाण्यात उभं राहून दाखव."

पनिलू खरंच पाण्यात उतरला आणि एकेका पर्यटकाला हात देत उभा राहिला. जेपिटी वाट पाहत होता. एक थेंब आत गेला तरी त्याला पुरे होता. सगळे उतरल्यावर त्यानं पनिलूला वाळूत बसवून स्वतः त्याचा बूट खेचून काढला आणि पार टोकापर्यंत हात घातला.

आत कोरडं ठणठणीत होतं. सुई कातड्याच्या आरपार जाऊ न देता शिवलेली ती शिवण. तिला किती जीव लावावा लागतो हे त्याला ठाऊक होतं, आणि तेच जास्त झोंबलं.

"गळतोय का रे, धाकट्या?" पनिलूनं विचारलं. मेलेला पनिलू जेपिटीपेक्षा मोठा होता, म्हणून हा पोरगाही त्याला धाकट्या म्हणायचा.

जेपिटीनं बूट त्याच्या मांडीवर टाकला.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "माझे कधी शिवणार?"

"कातडं आण, शिवते," अपिया म्हणाली. "हे त्यानं आणलं होतं. तू ट्रकवर चढलास तेव्हापासून पाण्याशिवाय काय आणलंस?"

त्याच संध्याकाळी जेपिटीनं कितीतरी वर्षांनी बंदूक पुसली आणि होडी पाण्यात ढकलली. जहाजाजवळून जाताना वरून हाक आली.

"धाकट्या! पूर्वेच्या खडकाकडे जा! दाढीवाला आहे तिथे, चांगला मोठा!"

जेपिटीनं नीट ऐकलं. मग होडी पश्चिमेला वळवली. बुटांत पाणी शिरलंच होतं.