आकडे हरवलेले सर

सरांना मेंदूचा झटका आला, त्यातून हात सावरला, जीभ सावरली, चालणंही पूर्ववत झालं. गेले ते फक्त आकडे. समोर चार लिहिलेला असला तरी तोंडातून सात निघायचा, आणि सात लिहायला जावं तर हात भलतंच काहीतरी काढून मोकळा व्हायचा. त्या दिवशी सकाळी ते बायकोला म्हणाले, "आठ अंडी उकड." ती हसली, मग गप्प झाली, आणि त्यांनी वर केलेली बोटं बघून तिनं दोनच उकडली.

गणिताच्या मास्तराचे आकडेच गेले, म्हणजे झालं की कल्याण! पण गृहस्थ एक नंबरचा हट्टी. शिंप्याचा मुलगा, बापाच्या मशीनशेजारी बसून शिकलेला, पुढची सगळी हयात एकाच कॉलेजात फळ्यापुढे काढलेली. पोरं त्यांना फूटपट्टी म्हणत. एक तर काटकुळे, त्यात कुणी चुकलं की सटकन लागणारे. "अनंत म्हणजे खूप मोठी संख्या" असं म्हणणाऱ्याला ते थेट वर्गाबाहेर काढत. असा माणूस घरी बसला तर खंगून जाईल, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "अहो, सांगून टाका ना कॉलेजात. चारचौघांत शोभा होण्यापेक्षा बरं."

"सांगितलं की घरीच बसवतील," सर म्हणाले आणि पायात बूट चढवून निघाले.

विभागप्रमुख बाई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. झटक्याचं कळल्यावर तिनं आधीच बजावलं होतं: एक तास घ्या, मी मागे बसते, मग ठरवू, शिकवणं की निवृत्ती. विषय सरांनीच निवडला, गणनीय आणि अगणनीय संच. काय डोकं चालवलं बघा! अनंताला मोजत बसता येतच नाही. तिथं लावायच्या असतात फक्त जोड्या.

सुरुवात झकास झाली. "प्रत्येक संख्येच्या शेजारी तिची दुप्पट बसवा. कुणी एकटं उरलं? नाही ना? मग सम संख्या सगळ्या संख्यांइतक्याच झाल्या. मधल्या गाळल्या, तरी तेवढ्याच! अशी एकामागे एक रांग लावता आली, की संच गणनीय." वर्ग चक्रावला. मागच्या बाकावर बाईंचं पेन थांबलं. सरांच्या पाठीवरून मात्र घामाचा ओघळ चालला होता, कारण खरं घोडं पुढेच अडणार होतं.

त्यांनी फळ्यावर एक रेघ मारली. "ह्या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या सगळ्या संख्या. यांची रांग लागेल?" त्यांनी मुलांनाच फळ्यापाशी बोलावलं. एकेकानं एकाखाली एक न संपणारा दशांश अपूर्णांक लिहिला, म्हणजे चार-सहा आकडे आणि पुढे टिंबं. "समजा हीच पूर्ण यादी, खाली अशीच अखंड चाललेली. आता मी अशी संख्या बनवतो, जी हिच्यात नाहीच." सर तिरके खाली उतरत गेले, वरच्या ओळीतला पहिला आकडा, खालच्या ओळीतला त्याच्या पुढचा. "दर ठिकाणी वेगळा आकडा लिहायचा. मग ती हिच्याहून इथे वेगळी, तिच्याहून तिथे वेगळी. यादीत सापडणार कुठे? म्हणजे रांग लागतच नाही, हा संच अगणनीय."

खडू चालत होता. काय लिहितोय ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. नुसतं वेगळं दिसलं की पुरे, एवढ्यावर ते रेटत होते.

"सर," पुढच्या बाकावरची मुलगी उठली, "या ओळीत तुम्ही तोच आकडा लिहिलाय. मग आपली संख्या हीच ओळ असली तर?"

 सर फळ्याकडे बघत राहिले. दोन आकडे, शेजारी शेजारी. सारखे? वेगळे? काही केल्या उमगेना. कुणीतरी खुसखुसलं. आकडा पुसून थाप मारता आली असती, "तुमची परीक्षा घेत होतो" म्हणता आलं असतं. मुलांनी मानलंही असतं.

"बरोबर पकडलंस," ते म्हणाले. "सिद्धता कोसळली. पोरांनो, झटक्यात माझे आकडे गेलेत. दिसतात, ओळखू येत नाहीत. मी बोट ठेवतो, तुम्ही बदला."

"कुठलाही चालेल, सर?"

"वेगळा असला की झालं. फक्त सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा सोडून. का, ते पुढच्या तासाला." पुढच्या तासाला म्हणताना त्यांची नजर मागच्या बाकावर गेली आणि पटकन खाली आली.

मुलं आकडे सांगत गेली, ती मुलगी लिहीत गेली. संख्या तयार झाली, यादीत कुठेच नसलेली.

वर्ग रिकामा झाल्यावर बाई पुढे आल्या. "मला का नाही सांगितलंत?"

"तू काढून टाकलं असतंस."

"हो, टाकलं असतं." त्यांनी डोळे पुसले, पण सोडलं नाही. "आणि सर, त्या मुलीनं पकडलं नसतं तर?"

सर खुर्चीवर बसले. "तर चुकीची सिद्धता शिकवून मी घरी गेलो असतो. आणि बायकोला सांगितलं असतं, आज तास फार छान झाला."



"उद्यापासून खडू त्या मुलीच्या हातात," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसतं बोलायचं. आणि ती थांब म्हणाली, की थांबायचं."

सरांनी मान डोलावली. आयुष्यभर पोरांना थांबवत आलेल्या माणसाला ते फार जड गेलं.