सीट रंगुबाईच्या बसण्याची

रंगुबाई बोलायला कमी आणि कामाला वाघ, असं जामखेडकडच्या त्या गावात सगळे म्हणत. विहिरीचा गाळ काढायचा असो की उधळलेला बैल आवरायचा असो, हाक तिलाच जायची. पण बाई, तुला कसं बसलं म्हणजे बरं वाटतं, असं तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. ते विचारायची वेळ यायला काय काय घडावं लागलं, ते ऐकण्यासारखं आहे.

साल बहात्तरच्या दुष्काळाचं. रंगुबाईला दिवस गेले होते आणि घरात आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती. तिचं पहिलं मूल बैलगाडीत गेलं होतं. कळा सुरू झाल्यावर तिला गाडीत घालून जामखेडला निघाले, बैल बैलांच्या चालीनं चालले आणि दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता. या खेपेला डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "कळा लागल्या की तडक घेऊन या. रस्त्यात वेळ घालवाल तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

तडक आणायचं कशातून? एसटी सकाळी एकदा येऊन जायची. बैल तर चाऱ्यासाठी छावणीत नेऊन बांधलेले. उरली श्रीमंतची, म्हणजे रंगुबाईच्या नवऱ्याची, जुनी राजदूत. श्रीमंत गावोगाव विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचा. विहिरी आटल्या, इंजिनं गप्प झाली, तरी गाडी होती. पण तिच्यावर पुढं एक फाटकी सीट आणि मागं नुसतं लोखंडी कॅरिअर. त्यावर पान्यांची पिशवी बसायची, भरल्या दिवसांची बाई नाही. म्हणून दोघांना पुरेल अशी लांब, आरामाची सीट घ्यायची ठरली.

बाजारच्या दिवशी श्रीमंत गाडी घेऊन जामखेडला सहादेवच्या दुकानात गेला. सहादेव सायकलींच्या, मोटारींच्या सिटा भरून शिवून द्यायचा. रंगुबाई आणि तिची सासू बनुबाई दवाखान्यात दाखवायला एसटीनं आल्या होत्या. त्या रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली टेकल्या. दुकानात जाऊन उभं राहणं बायामाणसांचं काम नव्हे, असं बनुबाईचं मत, आणि बनुबाईचं मत म्हणजे घरात काळ्या दगडावरची रेघ.

सहादेवनं दोन सिटा काढून गाडीवर ठेवून दाखवल्या. एक सपाट, काथ्या ठासून भरलेली, वरून जाड ताडपत्रीचं कापड. दिसायला अगदीच रुक्ष. दुसरी स्पंजाची, फुगीर, लालभडक चकचकीत रेक्झिनची.

श्रीमंत स्पंजाच्या सीटवर टांग टाकून बसला आणि दोनदा उसळला. "लई मऊ हाय गड्या!"

"लोनी हाय लोनी," सहादेव म्हणाला. "वहिनीला पालखीत बसल्यागत वाटंल."

मग आणखी दोन रिकामटेकडे बसून पाहून गेले. सगळे बाप्ये, सगळे दोन्हीकडे पाय टाकून, सगळे खूष. रंगुबाई लांबून बघत होती. आपल्याला तर दोन्ही पाय एका अंगाला सोडून बसायचं आहे. तिनं जन्मभर गाडीच्या कडेला बसून प्रवास केला होता. कड मऊ असली की दबते आणि माणूस घसरतं, एवढं तिला कळत होतं.

"आवं," तिनं हळूच हाक मारली.

"तू सावलीत बस गं, उन्हात येऊ नगंस," श्रीमंत मायेनं ओरडला.

"आत्याबाई, मी जरा बसून बघू का?"

बनुबाईनं कपाळाला हात लावला. "भर बाजारात? लोकं शेण घालतील तोंडात!"

लाल सीट गाडीवर चढली. घरी श्रीमंत ती रोज फडक्यानं पुसायचा. त्याच्या मनात खोट नव्हती, आणि म्हणूनच रंगुबाईला त्याच्यावर रागावताही येईना.

चैत्रातल्या एका दुपारी कळा सुरू झाल्या. सासू-सासरे रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. शेजारच्या मुक्ताबाईनं रंगुबाईला धरून सीटवर आडवं बसवलं, पदर खोचून दिला. गाडी निघाली.

गाव मागं पडायच्या आतच रंगुबाईला कळून चुकलं. स्पंज कडेला दबला होता, रेक्झिन तापून घामानं निसरडं झालं होतं. पायाला आधार नाही, हाताला धरायला काही नाही. प्रत्येक खड्ड्याला ती बोटभर खाली सरकायची आणि नवऱ्याचा सदरा धरून पुन्हा वर चढायची. मध्येच कळ यायची, तेव्हा सदराही हातात राहीना.

"हळू घेऊ का?" श्रीमंत विचारायचा.

"हळू नगं, उशीर हुईल!" ती म्हणायची. मनात एकच धास्ती होती, ती बैलगाडी.

कोरड्या ओढ्यातल्या गोट्यांवर गाडी उसळली आणि रंगुबाई घसरली. नशीब बलवत्तर, पायांवर पडली आणि मग गुडघ्यांवर. श्रीमंतनं गाडी टाकली आणि धावला. रंगुबाई दोन्ही हात पोटाशी घेऊन तशीच बसून राहिली. आत काही हालेना. ती श्वास रोखून थांबली. मग एक लाथ बसली, चांगली जोरात, आणि तिला रडू फुटलं.

डोळे पुसून ती उठली. "आता मी आडवी बसनार न्हाई."

"मंग?"

"तुमी बसता तशी."

श्रीमंत चाचरला. "अगं, म्होरं कामावर आख्खा गाव हाय. आई हाय, आन्ना हायेत."

"सीट तुमी तुमच्या बसन्यानं घेतलीत. आता मलाबी तसंच बसू द्या."

तिनं काष्टा आवळला, त्याच्या खांद्याला धरलं आणि टांग टाकली. नऊवारी नेसून बाई झाडावर चढते, मोट हाकते, तेव्हा कुणाची अब्रू जात नाही. मोटारसायकलवर मात्र जाते, हा कायदा कुणी केला देव जाणे! दोन्ही बाजूंनी पाय टेकले, सीट अंगाखाली सगळीकडून सारखी दबली आणि रंगुबाई पहिल्यांदा घट्ट बसली.

कामाची जागा आली. हातोड्यांचा आवाज एकेक करत थांबला. बाया तोंडाला पदर लावून बघू लागल्या. कुणी तरी फिदीफिदी हसलं. सासऱ्यांनी मान फिरवली. श्रीमंतची मान खाली गेली आणि त्याच्या नकळत गाडीचा वेगही कमी झाला.

"थांबू नगा," रंगुबाई त्याच्या पाठीला डोकं टेकून म्हणाली. "पाया पडते, थांबू नगा."

तेवढ्यात हातात हातोडा घेऊन बनुबाई रस्त्यात आली. रंगुबाईच्या पोटात कळ उठली, त्यात ही भीती. आता ही उतरवणार, पदर नीट करून आडवं बसवणार. बनुबाईनं सुनेचे पाय पाहिले, मातीनं माखलेले गुडघे पाहिले, ओठ चावलेलं तोंड पाहिलं.

"हसताय काय रं भाड्यांनो!" ती गर्जली. "रस्ता सोडा!" आणि सुनेकडे वळून म्हणाली, "त्याला कवळ्यात धर नीट. लाजू नगंस. जा!"

गाडी सुटली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. संध्याकाळी मुलगी झाली, धडधाकट, आणि अख्खा दवाखाना डोक्यावर घेईल असा गळा घेऊन आली.

पुढं बाळाला दाखवायला तिघं पुन्हा जामखेडला आली, तेव्हा बनुबाईच पुढं होऊन सहादेवच्या दुकानात शिरली. "ही लाल अवदसा काढ. ती काथ्याची दावून दे. सून बसंल, सून सांगंल."

बाजार बघत होता. श्रीमंत पोरीला छातीशी धरून लिंबाखाली उभा राहिला. रंगुबाई काथ्याच्या सीटवर आडवी बसली, मग टांग टाकून बसली, कडेवर हात दाबून पाहिला. घाई तिनं मुळीच केली नाही.

"ही," ती म्हणाली आणि उतरू लागली.

"उतरू नगंस," बनुबाईनं तिचा खांदा दाबला, इकडेतिकडे एकदा पाहिलं आणि काष्टा आवळला. "जरा म्होरं सरक. मलाबी बसून बघू दे."