डी टेन आणि अप्पांची फाइल

"मणका आम्ही जोडलाय. मज्जारज्जू जोडता येत नाही," सर्जन म्हणाले. ऑपरेशनला तीन दिवस झाले होते. आयसीयूमधून मला नुकतंच वॉर्डात हलवलं होतं. त्यांनी पायाच्या अंगठ्यापासून सुईचं टोक टोचायला सुरुवात केली. दर वेळी विचारायचे, "लागतंय?" बेंबीपाशी आल्यावर मी पहिल्यांदा हो म्हटलं. त्यांनी केसपेपरवर लिहिलं, डी टेन, कम्प्लीट.

डी टेन म्हणजे छातीच्या मणक्यांमधला दहावा. कम्प्लीट म्हणजे त्या जागेच्या खाली मेंदूचा निरोप पोचत नाही आणि खालचा निरोप वर येत नाही. पाय हलत नाहीत हे सगळ्यांना दिसतं. लघवी आणि शौचावरचा ताबाही जातो, ते दिसत नाही आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. तुमच्या घरात असं काही झालं असेल, तर ते आधी विचारून घ्या. आम्ही विचारलं नाही.

माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी, एवढंच विचारलं, "मग ही चालणार कधी?"

"सध्या यावर इलाज नाही. जगभर संशोधन चालू आहे," सर्जन म्हणाले.

अप्पांनी यातलं दुसरं वाक्य तेवढं ऐकलं. खरं सांगायचं तर मीही तेच ऐकलं.

मी वैशाली. तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि भाईंदरच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहतो, मी, माझा नवरा महेश आणि अप्पा. गणपतीच्या आधीची साफसफाई चालली होती. माळ्यावरची पितळी परात हवी होती. शिडीवर चढले, परात हाताला लागली, आणि शिडी सरकली. मी पाठीवर पडले ती ओट्याच्या कडेवर. दुखलं फारसं नाही. पाय मात्र दुसऱ्या कोणाचे तरी असावेत तसे समोर पडले होते.

महिनाभराने घरी आले. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, "व्हीलचेअर मापाची करून घ्या." अप्पा म्हणाले, "कशाला? वर्षभराचा तर प्रश्न आहे." मला ते फार आवडलं. खुर्ची आणली की आपण हरलो, असं मलाही वाटत होतं. म्हणून मी पलंगावरच राहिले. लघवीसाठी कायमची नळी, अंग पुसायला महेश, वेणी घालायला शेजारच्या शाहआंटी.

अप्पा पोस्टात सॉर्टिंगला होते. कागद वेगळे काढून जागच्या जागी लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी एक जाड फाइल आणली. पेपरात कुठेही मज्जारज्जू हा शब्द दिसला, की बातमी कापून फाइलला लावायचे. उंदीर चालला, माकडाचा हात हलला, परदेशात कोणाच्या पाठीत इलेक्ट्रोड बसवले. संध्याकाळी पलंगाशी बसून मला वाचून दाखवायचे. त्या अर्ध्या तासासाठी मी दिवसभर थांबायची.

तिसऱ्या महिन्यात माझा उजवा पाय हलला. गुडघ्यातून वाकला आणि झटक्याने सरळ झाला. अप्पांनी पाहिलं आणि चपला न घालताच खाली धावले. तासाभरात अख्ख्या मजल्यावर पेढे पोचले. शाहआंटी आत येऊन म्हणाल्या, "भाभी, बहुत अच्छा हुआ! मैं बोली थी ना?" मी रडत होते, हसतही होते.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी पाहिलं. "हा स्पॅझम आहे," ते म्हणाले. स्पॅझम म्हणजे मेंदूशी संबंध तुटलेले स्नायू आपोआप आखडतात. आपण हलवतो म्हणून पाय हलत नाही, तो नुसता हलतो. त्यांनी मला सांगितलं, "आता तुम्ही ठरवून हलवून दाखवा." मी खूप जोर लावला. कपाळावर घाम आला. पाय तसाच राहिला.

आम्ही घरी आलो. पेढ्यांचा उरलेला बॉक्स फ्रीजमध्ये होता. तो कोणीच संपवला नाही, शेवटी कामवाल्या बाईला दिला.

त्याच महिन्यात कमरेखाली बेडसोर झाला. एकाच जागी दाब राहिला, की तिथली कातडी मरते आणि जखम होते. मला तिथे काही कळत नसल्यामुळे, महेशला चादरीवर डाग दिसेपर्यंत आम्हाला पत्ताच नव्हता. दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं होतं. सुरुवातीला बदलायचो, मग आळस झाला. बरी होणारच आहे, असं धरून चाललं की असा आळस होतो. जखम भरायला पाच महिने लागले. ते पाच महिने मी पोटावर पडून काढले.

ती भरल्यावर मुंबईतल्या एका रिहॅब सेंटरमध्ये राहिले. रिहॅब म्हणजे आहे त्या शरीरानिशी जगायचं शिक्षण. तिथल्या डॉक्टर मॅडम फटकळ होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चालण्याबद्दल माझ्याशी महिनाभर बोलू नका. नळी स्वतः घालता येते का ते आधी बघू." दर चार तासांनी स्वच्छ नळी स्वतः घालून लघवी काढायची आणि नळी काढून टाकायची, हे मी तिथे शिकले. पहिल्या आठवड्यात आरसा धरून, नंतर आरशाशिवाय. पलंगावरून खुर्चीत सरकायला शिकले. हातांवर जोर देऊन थोड्या थोड्या वेळाने बूड उचलायला शिकले. खुर्ची तिथेच मापाची करून घेतली.

एकदा अप्पा भेटायला आले ते एक जाहिरात घेऊनच. स्टेम सेलची इंजेक्शनं, पॅकेजवर. मॅडमनी ती वाचली आणि म्हणाल्या, "काका, प्रयोगाचे पैसे पेशंटकडून घेत असतील, तर मी त्याला ट्रायल म्हणणार नाही. खऱ्या ट्रायलची चौकशी मी करते."

त्यांनी खरंच केली. क्लिनिकल ट्रायल म्हणजे नवं औषध माणसांवर नियमाने तपासून बघणं. पडल्याला चौदा महिने झाले होते तेव्हा आम्हाला तपासणीला बोलावलं. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वेटिंग रूममध्ये चाळिशीतले, विशीतले, सगळे व्हीलचेअरवर, आणि सगळ्यांच्या मांडीवर एमआरआयची मोठी पाकिटं. आम्ही चार तास थांबलो. तपासणी दहा मिनिटांत झाली. तिथले डॉक्टर तरुण होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "सॉरी मॅडम. या औषधासाठी आम्हाला अगदी ताज्या इजेचे पेशंट लागतात. तुमच्या इजेच्या जागी आता व्रण तयार झालाय."

"मग जुन्यांचं काय?" अप्पांनी विचारलं.

"त्यावरही काम चालू आहे. कधी होईल ते मी सांगू शकत नाही."

परत येताना टॅक्सी काशीमीऱ्याला ट्रकांच्या रांगेत अडकली. महेश पुढे बसला होता. अप्पा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "परात मी मागितली होती."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"तू म्हणालीस, संध्याकाळी काढते. मीच म्हटलं, आत्ता काढ."

हे मला आठवत होतं. चौदा महिने आठवत होतं. त्यांना बातम्या वाचताना बघून कधीकधी मनात यायचं, वाचा, तुम्हीच वाचा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बातम्यांची वाट बघायची.

"मला राग होता, अप्पा," मी म्हटलं. "थोडा अजूनही आहे. पण शिडी धरायला महेशला हाक मारायची होती, ती मी मारली नाही. तो दोष तुमचा नाही."

अप्पांनी चष्मा काढला. महेश मागे वळला नाही, पण त्याने हात मागे करून माझा गुडघा दाबला. मला ते कळलं नाही, दिसलं.

"बातम्या कापू नका असं मी सांगत नाही," मी म्हटलं. "मलाही चालायचंय. पण तोवर मला घरात पाहुणीसारखं ठेवू नका. मला माझ्या हाताने आंघोळ करायचीय."

पुढच्याच आठवड्यात बाथरूमचा दरवाजा फोडून रुंद केला. हे काम आम्ही वर्षभर टाळलं होतं. दीड दिवस धूळ उडाली, बस. पहिल्या दिवशी मी आत एकटी पाऊण तास होते. बाहेरून अप्पांनी तीनदा विचारलं, "सगळं ठीक ना?"

शाळेत परत जायला आणखी सहा महिने गेले. माझे वर्ग दुसऱ्या मजल्यावर होते आणि लिफ्ट नाही. मुख्याध्यापिकांनी सातवीचा वर्ग खाली आणला. पायरीवर लाकडी उतार करून घेतला. पावसात तो निसरडा होतो, त्यावर पोतं टाकतात. पहिल्या तासाला मुलं फार शहाण्यासारखी वागली, त्याचंच मला टेन्शन आलं. चौथ्या दिवशी मागच्या बाकावर मारामारी झाली आणि मला बरं वाटलं.

आशा सोडली का, असं लोक विचारतात. नाही सोडली. रोज सकाळी महेश माझे सांधे हलवून देतो, मी कातडी आरशात तपासते. उद्या इलाज आलाच, तर तो आखडलेल्या पायांना आणि जखमी अंगाला उपयोगी पडणार नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. एखादी मोठी बातमी आली, की दोन दिवस मला झोप लागत नाही. मग "उंदरांवर" हा शब्द सापडतो आणि चिडचिड होते. महेश अशा वेळी मला एकटं सोडतो. हे त्याला कोणी शिकवलं नाही. त्याचे आणि अप्पांचे उपकार मोजायला मी बसत नाही, पण ते मला माहीत आहेत.

आता रिहॅब सेंटरवाले नव्या पेशंटच्या घरच्यांना आमचा नंबर देतात. गेल्या महिन्यात पेणकरपाड्यातून एका बाईंचा फोन आला. त्यांचा भाऊ बांधकामावरून पडला होता. मी वह्या तपासत होते, म्हणून फोन अप्पांनी घेतला.

"कूस दर दोन तासांनी बदला," ते सांगत होते. "रात्रीचा गजर लावा. पाठ, टाचा रोज बघा, लाल झालंय का. आणि पाय आपोआप हलला तर आधी डॉक्टरांना विचारा."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. अप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ते मला माहीत नाही, बाई," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? आमची सून तीन वर्षांत चालली नाही. सकाळी साडेसहाला शाळेत जाते. तुम्ही एक दिवस घरी या, तिला बघा. साडेसहाच्या आधी मात्र या, नंतर ती सापडत नाही."